डीव्हीडी केल्यावर डावा आवाज उजवीकडे जातो, दोष कुठे शोधावा?

दादरकर:
नमस्कार. १९९८ साली आमच्या दादरच्या घरी आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या रात्री अभंगांची छोटी बैठक झाली होती. तिची फीत मी संगणकावर उतरवून घेतली आहे. गिरगावातील मामांकडे अजून डीव्हीडी प्लेअरच असल्याने त्यांच्यासाठी डिस्क करावी म्हटले, तर एक विचित्र अडचण आली. चित्रात पेटी डाव्या हाताला आणि तबला उजव्या हाताला दिसतो. संगणकातील मूळ फाइलमध्ये आवाजही तसाच येतो. पण डिस्क लावली की पेटी उजवीकडून वाजू लागते. चित्रासाठी एमपेग-२ (डीव्हीडीवरच्या चित्राचा प्रकार) फाइल वेगळी केली. आवाज एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने वेव्ह (कॉम्प्रेस न केलेल्या आवाजाची) फाइल म्हणून काढला, एका जुन्या मोफत एन्कोडरने (आवाज कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रॅमने) त्याचा एसी-३ (डीव्हीडीवर चालणारा आवाजाचा प्रकार) केला आणि मग दोन्ही एकत्र करून डिस्क लिहिली. चित्र पुन्हा कॉम्प्रेस न करता एवढे दुरुस्त करता येईल का?

तारवाला:
आधी दोष फाइलमध्ये आहे की तारांमध्ये, हे ठरवा. पांढरी पिन डाव्या चॅनलची आणि लाल उजव्या चॅनलची. टीव्हीमागे हात घालून चाचपडत लावताना त्यांची अदलाबदल सहज होते. लॅमिंग्टन रोडवर इतकी वर्षे दुकान सांभाळताना असे किती तरी ‘बिघडलेले’ प्लेअर मी पिना बदलून परत दिले आहेत. तीच डिस्क संगणकात घालून त्यातील व्हीओबी फाइल (जिच्यात डिस्कवरचे चित्र आणि आवाज असतो) हेडफोनवर ऐका, आणि हेडफोनवरची डावी-उजवी अक्षरेही एकदा पाहून घ्या.

श्रोता:
एवढा खटाटोप कशाला? टीव्हीच्या पिना उलट लावा, काम झाले.

दादरकर:
श्रोता, पिना उलट लावल्या तर घरातील बाकी सगळ्या डिस्क उलट्या ऐकू येतील; शिवाय ही डिस्क दुसऱ्याच्या घरी जायची आहे. तारवाला, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. व्हीओबी फाइल संगणकावरही उलटीच वाजते, म्हणजे तारा निर्दोष आहेत. मधली वेव्ह फाइल मात्र सुलट आहे.

फीतवेडा:
मग संशय त्या जुन्या एन्कोडरवर जातो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सोळा बिटांच्या स्टिरिओ वेव्ह फाइलमध्ये डावीकडचे दोन बाइट, उजवीकडचे दोन, पुन्हा डावीकडचे दोन अशी वेणी घातलेली असते. कोणता नमुना (म्हणजे आवाजाचे दोन बाइटांचे एक मोजमाप) कोणत्या बाजूचा हे त्यावर कुठेही लिहिलेले नसते, ते केवळ मोजणीवरून ठरते. फाइलच्या सुरुवातीच्या मथळ्याची सर्वांत साधी लांबी ४४ बाइट असते, आणि काही जुने प्रोग्रॅम मथळा न वाचताच ४४ बाइट ओलांडून पुढचे सगळे आवाज समजतात. एफएफएमपेग मात्र आपल्या आवृत्तीची नोंद मथळ्यात घालते, त्यामुळे तो साधारणपणे ७८ बाइटांचा होतो. उरलेल्या ३४ बाइटांना चारने, म्हणजे एका डाव्या-उजव्या जोडीच्या बाइटांनी, भागले तर दोन उरतात. म्हणजे मोजणी अर्ध्या पावलाने चुकते आणि तिथून शेवटपर्यंत डावा तो उजवा होऊन बसतो. सुरुवातीला अगदी बारीक ‘टक्’ ऐकू येते का पाहा. ते म्हणजे ती नोंदच आवाज म्हणून वाजलेली असते.

पडताळणी सोपी आहे. वेव्ह फाइलचा आकार बाइटमध्ये पाहा आणि शेवटच्या दोन अंकांना चारने भागा. बाकी दोन आली, तर बहुधा हेच कारण.

उपायाचे म्हणाल, तर वेव्ह फाइल काढताना एफएफएमपेगला ‘बिटएक्झॅक्ट’ हा पर्याय द्या आणि मूळ फाइलमधील शीर्षक वगैरे माहिती उतरवू नका असेही सांगा, म्हणजे मथळा ४४ बाइटांचाच राहील. मी असतो तर तो जुना एन्कोडरच काढून टाकला असता, कारण एसी-३ एफएफएमपेग स्वतःच करते. नमुनादर ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि दोन चॅनलना १९२ किलोबिट पुरेसे होतात. आपली एमपेग-२ फाइल तशीच वापरता येईल, चित्राला हात लावावा लागणार नाही.

ज्याच्याकडे मूळ फाइल उरलेली नाही आणि केवळ उलटी डिस्कच आहे, त्याने एफएफएमपेगचे ‘पॅन’ हे फिल्टर वापरून पहिल्या चॅनलच्या जागी दुसरा आणि दुसऱ्याच्या जागी पहिला घालावा आणि चित्राला फक्त ‘कॉपी’ सांगावे. पण त्यात आवाज पुन्हा एकदा कॉम्प्रेस होतो, म्हणून मूळ फाइल हाताशी असताना तो मार्ग धरू नये.

दादरकर:
मनापासून आभार. फाइलच्या आकाराचे शेवटचे दोन अंक ५० होते, म्हणजे बाकी दोन. ‘बिटएक्झॅक्ट’ देऊन पुन्हा काढली तेव्हा ते १६ झाले. फरक बरोबर ३४ बाइटांचा. ‘टक्’ही होते, मी ते फितीचेच समजत होतो. शेवटी एसी-३ एफएफएमपेगनेच केला आणि आमच्या घरी पेटी आता डावीकडे ऐकू येते.

काल डिस्क घेऊन गिरगावात गेलो, तर मामांकडे पेटी पुन्हा उजवीकडे! तारवाला यांचे शब्द आठवून टीव्हीच्या मागे पाहिले, तर लाल पिन पांढऱ्या भोकात होती, आणि मामांच्या म्हणण्यानुसार प्लेअर घेतला तेव्हापासून त्यांनी तिला हात लावलेला नाही. माझी जुनी, चुकलेली डिस्क त्यांच्याकडे अगदी सुलट वाजली असती.