लांबच्या फोनला अपलिंकमध्ये सीपी-ओएफडीएम देऊच नये

सिग्नलवेडा:
५जीत अपलिंकच्या, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या, सिग्नलचे दोन प्रकार (वेव्हफॉर्म) आहेत, सीपी-ओएफडीएम आणि डीएफटी-एस-ओएफडीएम. फोन टॉवरपासून लांब असला की डीएफटी-एस-ओएफडीएमच हवा, यावर मी ठाम आहे. नेहमीच्या फोनची कमाल पॉवर २३ डीबीएम, म्हणजे जेमतेम २०० मिलिवॅट, त्यात सीपी-ओएफडीएममध्ये ढीगभर सबकॅरिअर (छोट्या-छोट्या उपलहरी) एकत्र येऊन मधेच उंच पीक, म्हणजे शिखरं, उठतात आणि ते कापले जाऊ नयेत म्हणून अँप्लिफायरची सरासरी पॉवर खाली आणावी लागते. ५जीत क्यूपीएसके (एका चिन्हात दोन बिट पाठवायची पद्धत) वापरताना अलोकेशन, म्हणजे फोनला दिलेली पट्टी, चॅनलच्या कडेपर्यंत गेलं तर सीपी-ओएफडीएमला ३ डीबीपर्यंत (डेसिबल) पॉवर कपातीची मुभा आहे, डीएफटी-एसला १ डीबी. २ डीबी म्हणजे दीडपटीहून जास्त पॉवर, तीही फुकट! ४जीत पहिल्यापासून, मानकाच्या रिलीज ८ (आवृत्ती) पासून, अपलिंकला हेच आहे, उगाच नाही.

लेयरवाला:
फुकट कसं काय? रिलीज १५ मध्ये डीएफटी-एसवर एकच लेयर (एकाच वेळी जाणारा डेटाचा प्रवाह) मिळतो आणि फ्रिक्वेन्सीचे ब्लॉकही सलग द्यावे लागतात, म्हणजे शेड्युलरचे (कुणाला कोणते ब्लॉक द्यायचे ते ठरवणाऱ्या टॉवरच्या यंत्रणेचे) हात बांधले. फोन टॉवरजवळ असेल तर तो कमाल पॉवरच्या खूपच खाली चालतो, तिथे पीकची चिंता कशाला, दोन लेयरवर डेटा पटकन पाठवून रेडिओ लवकर झोपवला की बॅटरी जास्त वाचते.

सिग्नलवेडा:
अहो, जवळचं मान्यच आहे, मी लांबचं बोलतोय. तिथे २०० मिलिवॅट दोन लेयरमध्ये वाटून हाती काय लागणार? उलट अजून खाली जा, पाय-बाय-टू बीपीएसके ही आणखी साधी पद्धत वापरा, बिट क्यूपीएसकेच्या निम्मे पण पीक आणखी बसतात आणि कॉल टिकतो. कॉल तुटणाऱ्या माणसाला स्पीडचं काय करायचंय!

बेसबँड:
तुम्ही दोघं जवळ-लांब करताय पण माणूस चालत असतो ना. आतापर्यंत वेव्हफॉर्म बदलायचा तर आरआरसी रीकॉन्फिगरेशन (जोडणीच्या सेटिंग बदलणारा वेगळा संदेश) लागायचं, तेवढ्यात माणूस तळघरात पोचलेला असतो. रिलीज १८ मध्ये शेड्युलिंगच्या डीसीआयमधूनच (टॉवर फोनला पाठवतो त्या छोट्या आदेशातूनच) बदल सांगायची सोय आली, मला तर तीच खरी सुधारणा वाटते.

लेयरवाला:
सोय चांगली आहे, पण ती फोनच्या चिपमध्येही हवी, आणि दुसऱ्या वेव्हफॉर्मवर गेल्यावर फोनकडे किती पॉवर शिल्लक राहील हे शेड्युलरला आधी कळायला हवं. ते जोवर सगळीकडे होत नाही तोवर "देऊच नये" असा सरसकट नियम मला पटत नाही.

सिग्नलवेडा:
मग तोवर शंका आली की डीएफटी-एस ठेवा, एवढंच मागतोय. जवळच्याचा थोडा स्पीड गेला तर चालेल, लांबच्याची लाइन जाता कामा नये.