शब्दचर्चा : 'फ्रेस्को'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार. फ्लॉरेन्सवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि चार दिवस एका शब्दापाशी अडले आहे : 'फ्रेस्को', म्हणजे भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं चित्र. सांता मारिया देल कार्मिने या चर्चमधलं ब्रांकाच्ची चॅपेल मसाच्चो आणि मासोलिनो या चित्रकारांनी १४२० च्या दशकात रंगवायला घेतलं. आदम आणि ईव्हला स्वर्गातून हाकललं जातं तो प्रसंग तिथल्या भिंतीवर आहे. ईव्हचं तोंड रडताना उघडलेलं, आदमनं दोन्ही हातांनी चेहरा झाकलेला. मी लिहून गेले, 'मसाच्चोचं हे भित्तिचित्र'. पुढच्याच पानावर मिलानमधलं लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' आलं, त्यालाही 'भित्तिचित्र' म्हटलं. मग लक्षात आलं की अजिंठ्यालाही आपण हाच शब्द वापरतो. तिन्ही चित्रं भिंतीवरची खरी, पण करण्याची रीत तिघांची तीन तऱ्हेची.

कोशात 'भित्तिलेपचित्र' सापडतो. शब्द शास्त्रशुद्ध आहे, पण वाचताना माझ्या मनात हळदीचा लेप येतो. शिवाय लेप तर अजिंठ्याच्या भिंतीवरही आहे. मग फ्रेस्कोचं वेगळेपण या शब्दात कुठे उरलं? तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद १

सरळ 'फ्रेस्को' लिहा. स्टेशन, पेन्सिल चालतात तर हाही चालेल. ज्याला ठाऊक नाही तो शोधेल.

प्रतिसाद २

ताई, मी तोरिनोत राहतो, म्हणून इथला रोजचा वापर सांगतो. 'फ्रेस्को' हा इटालियनमध्ये कलेचा शब्द होण्याआधी बाजारातला शब्द आहे. सकाळी भाजलेला पाव 'पाने फ्रेस्को', म्हणजे ताजा. उन्हाळ्यात झाडाखाली गारवा असतो तोही 'फ्रेस्को'. आणि सगळ्यात उपयोगाचं उदाहरण म्हणजे बाकाला नुकता रंग दिला की वर कागद चिकटवतात, 'व्हेर्नीचे फ्रेस्का'. आपण लिहू 'रंग ओला आहे'. म्हणजे हा शब्द एकाच वेळी ताजा, गार आणि ओला असतो. चित्रकाराच्या तोंडी तो भिंतीच्या ओलेपणाबद्दल आहे. तुमच्या मराठी शब्दात 'भिंत' आली, 'लेप' आला, पण मूळ शब्दात यांतलं काहीच नाही. मूळ शब्दात फक्त ओल आहे आणि तीच नेमकी गळाली.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. माझे वडील गवंडी होते, जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या कामात त्यांचा हात चालायचा. घाण्यात मळलेला चुना मी लहानपणी पाहिला आहे. त्यामुळे हा विषय मला चित्राकडून कमी आणि गिलाव्याकडून जास्त कळतो. जरा लांबेल, पण सांगतो.

भट्टीतला कळीचा चुना पाण्यात टाकला की फसफसतो, तापतो आणि फुटून मऊ होतो. हा भिजवलेला चुना वाळूत मिसळून भिंतीला लावला की तो नुसता वाळत नाही. तो हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड बनू लागतो. पृष्ठभाग ओला असताना त्यावर फक्त पाण्यात कालवलेला रंग लावला, तर दगड बनण्याच्या या क्रियेत रंगाचे कण आत धरले जातात. डिंक नाही, सरस नाही, अंडं नाही. रंग भिंतीवर चिकटत नाही, तो भिंतीचाच होतो. म्हणून हे काम शतकानुशतकं टिकतं.

आता शब्द. इटालियन कारागीर दोन थर म्हणतात. खालचा जाडाभरडा तो 'अर्रीच्चो', वरचा गुळगुळीत तो 'इन्तोनाको'. आमच्याकडे थराला 'हात' म्हणतात. पहिला हात, शेवटचा हात. लेखात 'गिलाव्याचा शेवटचा हात' असं लिहिलंत तर कुठल्याही गावातल्या माणसाला कळेल. खालच्या हातावर तांबड्या मातीच्या रंगानं चित्राची रेखाटणी करत, तिला 'सिनोपिया' म्हणतात. काळ्या समुद्रावरच्या सिनोप बंदरावरून ते नाव पडलं. वर शेवटचा हात चढला की ही रेखाटणी कायमची झाकली जाई. पिसाच्या काम्पोसान्तोला २७ जुलै १९४४ रोजी बॉम्बगोळ्यामुळे आग लागली. खराब झालेली चित्रं वाचवण्यासाठी ती भिंतीवरून सोडवून घेतली, तेव्हा खालच्या सिनोपिया उजेडात आल्या. आज त्यांचं वेगळं संग्रहालय आहे.

आणि आता माझा सगळ्यात आवडता शब्द, 'जोर्नाता'. चित्रकार सगळ्या भिंतीला एकदम शेवटचा हात देत नाही. आज जेवढं रंगवून होईल तेवढ्याच तुकड्याला देतो. संध्याकाळपर्यंत जो भाग रंगला नाही तो करणीनं कडेला तिरपा कापून काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी शेजारी नवा गिलावा लावतो, त्याची कड जुन्या कडेवर थोडी चढते. त्या सांध्यावरून आजही सांगता येतं की कुठला तुकडा आधीचा आणि कुठला नंतरचा. काम वरून खाली येतं, म्हणजे ओघळ तयार चित्रावर पडत नाहीत. एका दिवसाच्या या तुकड्याला 'जोर्नाता', म्हणजे दिवसभराचं काम. आमच्याकडे याला तयार शब्द आहे : 'रोज'. 'या भिंतीला सहा रोज लागले' असं वडील म्हणायचे. हाच शब्द घ्या. 'दिनखंड' वगैरे कृपा करून करू नका.

प्रतिसाद ४

'रोज' सुंदर आहे, पण वाक्यात घोटाळा होईल. 'चित्रकार रोज रंगवत होता' आणि 'चित्रकारानं एक रोज रंगवला' एकाच परिच्छेदात आलं तर वाचक ठेचकाळेल. पहिल्यांदा 'एका रोजाचं काम' असं पूर्ण लिहावं आणि पुढे 'रोजाचा तुकडा' म्हणावं, असं सुचवते.

दुसरं, ताई, लिओनार्दोबद्दल. तुमची शंका अगदी बरोबर आहे, 'शेवटचं भोजन' फ्रेस्को नाहीच. सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहात ते साधारण १४९५ ते १४९८ या काळात झालं, तेही कोरड्या भिंतीवर. असं का, याचं उत्तर वरच्या 'रोजा'तच आहे. ओला गिलावा चित्रकाराला घाई करायला लावतो, चुना थांबत नाही. आणि लिओनार्दोची कामाची पद्धत नेमकी उलटी. मात्तेओ बांदेल्लो या लेखकानं त्याला काम करताना पाहिलं होतं. कधी तो पहाटे परांचीवर चढायचा आणि अंधार पडेपर्यंत ब्रश खाली ठेवायचा नाही, जेवणही विसरायचा. मग तीन-चार दिवस चित्राला हातच लावायचा नाही, नुसता समोर उभा राहून बघत राहायचा. हे ओल्या चुन्यावर शक्यच नव्हतं. त्यानं सवडीनं बदल करता येईल अशी कोरडी रीत निवडली आणि तिची किंमत चित्रानं मोजली. त्याच्या हयातीतच रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. पुढे चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीनं पाहिलं तोवर ते ओळखू येईनासं झालं होतं. शेवटची मोठी दुरुस्ती वीसेक वर्षं चालून १९९९ मध्ये संपली. त्याला 'फ्रेस्को' लिहिलं तर ही सगळी गोष्ट पुसली जाते.

प्रतिसाद ५

अजिंठ्याचंही तेच. इंग्रजांच्या काळापासून 'अजिंठ्याचे फ्रेस्को' असं लिहायची सवय लागली आणि ती मराठीतही उतरली. तिथे खडकावर माती, वनस्पतींचे तंतू, तूस असं मिश्रण लिंपलेलं आहे, त्यावर पांढरा पातळ थर, आणि तो सुकल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे कोरड्यावरचं काम. आपल्या घरची गोष्ट आपणच चुकीच्या नावानं सांगू नये.

खऱ्या ओल्या गिलाव्यावरचं काम भारतात बघायचं तर राजस्थानात जावं. जयपूरकडच्या त्या पद्धतीला तिथले कारागीर 'आला-गीला' म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ ओला! इटलीतल्या कारागिराला जे नाव सुचलं तेच राजस्थानातल्याला सुचलं. मग मराठीत 'ओलं चित्र' म्हणायला संकोच कशाला?

प्रतिसाद ६

आणखी एका शब्दाबद्दल सावध करतो, काका आणि ताई. फ्रेस्कोचं चित्र कागदावरून भिंतीवर नेताना पूर्ण आकाराचं रेखाटन करत, त्याला 'कार्तोने' म्हणतात, म्हणजे जाड कागद. इंग्रजीत त्याचंच 'कार्टून' झालं. एका अनुवादात मी 'राफाएलची व्यंगचित्रे' असं वाचलं आहे आणि खूप वाईट वाटलं. राफाएलनं सिस्टाइन चॅपेलमधल्या विणीच्या पडद्यांसाठी १५१५-१६ मध्ये केलेली ती भव्य रेखाटनं, त्यांतली सात लंडनला आहेत. 'व्यंग' त्यात कुठलं? 'कार्टून'ला विनोदाचा अर्थ फार उशिरा चिकटला, १८४३ मध्ये. लंडनच्या नव्या संसदभवनात फ्रेस्को करायचे ठरले, त्यासाठी मागवलेल्या 'कार्टून्स'चं प्रदर्शन भरलं, आणि 'पंच' साप्ताहिकानं त्याची टर उडवत आपल्या चित्रांना तेच नाव दिलं.

मराठीत यासाठी 'खाका' आहे. भरतकामाची साडी छापायला देतो तिथे आजही बघा : कागदावरच्या नक्षीला टाचणीनं भोकं पाडतात, वरून रंगाचा बोळा फिरवतात, खाली ठिपके उमटतात. फ्लॉरेन्सचे चित्रकार हेच करत : भोकं पाडलेला कागद ओल्या गिलाव्यावर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत. 'अथेन्सचं विद्यापीठ' या चित्राचा राफाएलचा खाका मिलानच्या आंब्रोझियाना ग्रंथालयात जपून ठेवला आहे.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. 'हात', 'रोज', 'सांधा' हे शब्द घरात असताना मी कोश उलगडत बसले होते.

मी असं ठरवलं आहे : 'भित्तिचित्र' हा सर्वसाधारण शब्द राहू दे, भिंतीवरच्या कुठल्याही चित्रासाठी. 'फ्रेस्को' फक्त ओल्या कामाला, आणि पहिल्यांदा येईल तिथे सोबत मराठी. 'भित्तिलेपचित्र' वगळते. परिच्छेद आता असा झाला आहे, कुठे खटकलं तर सांगा :

'मसाच्चोचं हे चित्र फ्रेस्को आहे, म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं. रोजच्यापुरता शेवटचा हात द्यायचा, तो ओला आहे तोवर रंगवायचं, उरलेला गिलावा संध्याकाळी कापून टाकायचा. मिलानमधलं लिओनार्दोचं भित्तिचित्र मात्र कोरड्या भिंतीवरचं आहे.'

निळ्या रंगाचं अजून राहिलं आहे. अझुराइटचा निळा चुन्यात नीट टिकत नाही, म्हणून तो बहुतेकदा भिंत सुकल्यावर सरसात कालवून लावत, आणि म्हणूनच अनेक चित्रांतलं आकाश किंवा मेरीचा झगा आज उडालेला दिसतो. इटालियनमध्ये या कामाला 'आ सेक्को' म्हणतात. मी 'कोरडा हात' लिहिलं आहे. काका, गवंडीकामात असं म्हणतात का?

प्रतिसाद ३

आमच्यात असं ऐकलं नाही, सुक्या भिंतीवर हात द्यायची वेळ आली तर वडील आधी भिंत पाण्यानं भिजवायचे. पण 'सुक्यावरचा हात' लिहा. 'कोरडा हात' म्हटलं तर माणसाचा हात वाटेल.