सूरसागरातला शंकर आणि १९८५ ची आठवण

माधुरी (दांडिया बाजार, बडोदा)
डीआयडी (डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर), म्हणजे एकाच माणसात दोन किंवा अधिक व्यक्तिमत्त्वं आणि मधे स्मृतीची भगदाडं. अशा पेशंटच्या जुन्या आठवणीला बाहेरचा पुरावा नसेल तर थेरपिस्टने 'घडलंच' म्हणू नये, 'खोटं' असंही म्हणू नये. समजा कोणी सांगतं: १९८५, आमच्या बडोद्याच्या सूरसागर तलावाची पाळ, पाण्यात उभा शंकराचा पुतळा, आणि काकांनी दंड धरून ओढलं. तो शंकर तर नव्वदीनंतरचा! चित्र मागाहून जुळलंय.

श्रीरंग
शंकर मागाहून आला, मान्य. दंडावरच्या बोटांचं काय? एक तपशील चुकला की अख्खी साक्ष कचऱ्यात, हे नेहमीचंच. लॉफ्टस-पिकरेल या मानसशास्त्रज्ञांचा १९९५ चा प्रयोग घ्या. लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची बनावट गोष्ट २४ जणांना दिली, मुलाखतीत ६ जणांना ती पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. बाकीच्या १८ जणांना नाही. शिवाय एकदा हरवणं कुठे आणि वर्षानुवर्षांची मारझोड कुठे!

माधुरी
श्रीरंगराव, साक्ष फेका असं मी म्हटलेलंच नाही. पण डीआयडीचे पेशंट बहुधा संमोहनाला लवकर वश होतात. संमोहनात जास्त आठवतं, त्यात चुकाही जास्त येतात, आणि खात्री मात्र दोन्हींची सारखीच वाढते. म्हणून आठवण 'काढण्यासाठी' संमोहन नकोच.

प्रकाश (रावपुरा)
एक भर. तीन ऑल्टरांनी (म्हणजे एकाच पेशंटमधल्या तीन व्यक्तिमत्त्वांनी) एकच हकीकत सांगितली म्हणून तीन साक्षीदार होत नाहीत. नेदरलँड्समध्ये संशोधक हंटयन्स यांच्या प्रयोगांत, एका व्यक्तिमत्त्वाने शिकलेलं 'मला काहीच माहीत नाही' म्हणणाऱ्या दुसऱ्याच्या उत्तरांत उमटलं. डोकं एकच आहे हो!

वैशाली
तुमचं भांडण चालू द्या, घोळ होतो तो नोंदवहीत. 'तिथे काका होते का?' विचारलं की पुढच्या खेपेला काका येतातच. 'पुढे काय झालं?' एवढंच विचारावं. पहिलं कथन पेशंटच्याच शब्दांत, तारखेसह, कोणतं व्यक्तिमत्त्व बोलत होतं तेही लिहून. शेजारी उगम: स्वतः पाहिलं, कोणी सांगितलं, फोटोत दिसलं, की स्वप्नात. कथन बदललं तर जुनं खोडू नये, खाली नवं लिहावं. बहुतेक ठिकाणी हा उगमाचा रकानाच नसतो, आणि मग वर्षभराने फोटो कुठला, प्रसंग कुठला, कोणालाच सांगता येत नाही.

आणि सहा वर्षांची ऑल्टर म्हणते, 'घर जळालं, आई गेली', तर प्रत्यक्षात आई रावपुऱ्यात चहा गाळत असते. हे खोटं बोलणं नव्हे, त्या व्यक्तिमत्त्वाचं आतलं चरित्र आहे. भीती खरी, तिच्यावर काम करायचं. आग कधी लागली ते उकरत बसायचं नाही.

श्रीरंग
आगीचं पटलं. काकांचं नाही. तो काका आजही घरी येत असेल तर? पेशंट विचारतो, 'तुमचा विश्वास आहे ना?' त्यावर 'त्रास खरा आहे' म्हटलंत की त्याला 'नाही' असंच ऐकू येतं.

वैशाली
म्हणून ते पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं, प्रश्न येण्याआधी: 'काय घडलं याचा निवाडा मी करणार नाही, पण इथे तुमच्यावर खोटेपणाचा आळही येणार नाही.' आणि काका येत असेल तर आज त्याच्यापासून लांब राहायची सोय करायला १९८५ सिद्ध व्हावं लागत नाही.