लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातला जुना एसएफएफ (लहान आकाराचा) डेस्कटॉप घ्यावा का?

प्रश्न: दादरचं वन-रूम-किचन, टेबल जेमतेम दोन फुटी. काम टॅली, झूम, मुलांचा अभ्यास. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा स्वस्तात मिळतोय. घेऊ?

उत्तर १: सातवी पिढी नकोच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी आय५ साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आय५-८५००, १६ जीबी रॅम, एसएसडी बघा.

उत्तर २: खरी गोम पॉवर सप्लायची. तो बहुधा कंपनीच्या खास मापाचा. जळला तर साधा एटीएक्स (नेहमीच्या मोठ्या मापाचा) बसत नाही. ग्राफिक्स कार्डही लो-प्रोफाइलच (कमी उंचीचं), ७५ वॉटच्या आतलं. बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, हे दुकानातच सुरू करून बघा.

प्रश्नकर्ता: ग्राफिक्स नकोय. कपाटात ठेवला तर?

उत्तर २: बंद कपाटात अजिबात नको, तापेल. मागे चार बोटं मोकळी ठेवा.