सेंट अँड्र्यूजजवळचा भूखंड घ्यावा काय?

प्रश्न (म्हापसा): मुलगी स्कॉटलंडमध्ये स्थायिक असून, सेंट अँड्र्यूजजवळ 'तत्त्वतः नियोजन परवानगी' असलेला भूखंड तिने पाहिला आहे, ही परवानगी आपल्या गोव्यातील सनदेसारखीच (शेतजमीन बिगरशेती वापरात आणण्याच्या परवानगीसारखीच) समजावी काय?

उत्तर (फोंडा): नाही. घर बांधण्यास होकार मिळालेला असला, तरी आराखडा, उंची, छपराचे साहित्य यांसाठी फाईफ कौन्सिलची (तिथल्या स्थानिक प्रशासनाची) वेगळी मंजुरी लागते आणि ती मुदतीत न घेतल्यास परवानगीच संपते. म्हणून आधी तारीख पाहावी. नगराभोवती हरितपट्टा, म्हणजे बांधकामावर कडक निर्बंध असलेला भाग आहे, तेव्हा परवानगीविना मिळणाऱ्या स्वस्त जमिनीच्या फंदात पडू नये.

उत्तर (मडगाव): तिथे वकिलांमधील पत्रव्यवहार पूर्ण होताच करार बंधनकारक होतो, त्यामुळे वाटेचा हक्क व सांडपाण्याची सोय आधीच तपासावी. पैसे इथून पाठवणार असल्यास रिझर्व्ह बँकेची माणशी वार्षिक मर्यादा २,५०,००० डॉलर आहे.