एवढ्या वर्षांनी परत आला आणि हे?

भावांनो, आपल्या त्या जुन्या रॅपरचं नवं गाणं ऐकलं का? काल रंकाळ्यावर हेडफोन लावून बसलो, लई आशा होती राव, ज्याच्या एकेका ओळीवर आम्ही कॉलेजात वाद घालायचो त्यानं निम्मं गाणं हुकच (परत परत येणारी ओळ) घोळवलाय आणि आवाजावर एवढा ऑटोट्यून (सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर) की श्वास कुठं घेतो तेच कळंना. तुम्हाला कसं वाटलं?

– ऑटोट्यून १९९७ पासनं हाय, त्यात वाईट काय नाही. पण दुसऱ्या कडव्यात ‘आग’ला ‘जाग’ एवढंच यमक, बास? ह्याच्याकडनं?

– बीट भारी हाय की, ८०८ ड्रम मशीनचा बेस गाडीत लावून ऐक.

– बेस काय करायचाय मर्दा, पोवाडे गाणाऱ्या शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या कोल्हापूरचे आपण, इथं डफ-तुणतुण्यावर शब्द अंगावर यायचा.

– अल्बम येऊ दे, एका गाण्यावर सोडू नका त्याला.