प्रतिसाद : पद्मिनीत जिप्सीचं इंजिन, रेडिएटर कुठे?

दादा, तुमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीत बसवलेल्या मारुती जिप्सी किंगच्या १२९८ सीसी इंजिनाच्या फॅनला जागा हवी म्हणून रेडिएटर पुढे सरकवून तीन इंच खाली घ्यायचं म्हणताय. पुढे सरकवा, पण खाली घेताना जपा.

माझ्या पद्मिनीत गॅरेजवाल्याने नेमकं तेच केलं होतं. गावात गाडी थंड, कसारा घाटात काटा थेट लालवर. रेडिएटर काठोकाठ भरलेला, तरी हीटरचा पाइप हाताला गार! थर्मोस्टॅट हाउसिंग (इंजिनातून गरम पाणी बाहेर पडतं ती जागा) रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच झालं होतं, त्यामुळे पाण्यातली सगळी हवा हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, अडकून बसलेली. शेवटी फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), सर्वांत उंच जागी प्रेशर कॅपची, म्हणजे दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाची, वेगळी टाकी लावली. हेडवरून एक बारीक होज तिच्यात आणि टाकीच्या तळातून जाड होज पाण्याच्या पंपाच्या सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूला. तेव्हापासून त्रास नाही. कॅप ०.९ बारची घ्या, दाबाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं.

रेडिएटर खाली घेण्यासाठी क्रॉसमेंबर (पुढची आडवी पट्टी) कापायला मात्र अजिबात देऊ नका, पुढचा सांगाडा त्याच्यावर तोललेला असतो. त्यापेक्षा इंजिनावरचा फॅन काढून रेडिएटरच्या मागे इलेक्ट्रिक फॅन लावा, श्राउडसकट (फॅनभोवतीचं आवरण). आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी रबराच्या पट्टीने बंद करा. हवा नेहमी सोपी वाट धरते, फटी उघड्या असल्या की ती जाळीतून न जाता बाजूने निसटते.

माउंटिंगला रबरी बुश हवेतच. घट्ट बोल्ट केलेल्या रेडिएटरचे सांधे खड्ड्यांनी सुटतात.

माझ्यासारखी टाकी लावलीत तर बॉनेट बंद करून तिच्या झाकणावर किती जागा उरते, तेवढं मोजून सांगा.